पंपवालीची भेट

पंपवाली हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, आणि खरं सांगायचं तर माझ्याही जिभेवर ते कधी नीट बसलं नाही. आमची कंपनी पाणी उपसायचे मोठे पंप बनवते. मी इथल्या ऑफिसात त्यांची ड्रॉइंग काढते. पंप ओतले जातात, जोडले जातात ते परदेशातल्या कारखान्यात, आणि तिथे प्रत्येक नवा पंप पाण्याच्या हौदावर चढवून, चालवून बघणारी बाई म्हणजे ही. मी कागदावर काढायचं आणि तिने ते खोटं पाडायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार.

"तुझ्या ड्रॉइंगमध्ये पाणी फार शहाण्यासारखं वागतं," ती म्हणायची. "माझ्याकडे आलं की उंडारतं."

आम्ही बोलायचो ती भाषा तिचीही नव्हती आणि माझीही नव्हती, त्यामुळे दोघींनीही ती बिनदिक्कत मोडून वापरली. माझी दुपार ही तिची सकाळ. रोज त्या वेळेला फोन लागायचा. एकदा मी घरून काम करत होते आणि मागून सासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, चहा निवतोय गं!" पंपवालीला वाटलं हेच माझं नाव. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर पहिलाच शब्द काढला तो "सूनबाई". मी दुरुस्त करणार होते, पण तिने तो इतक्या कौतुकाने, दोन्ही बाजूंनी ताणून म्हटला होता की मी गप्प बसले. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "चला, मला एक जोडीदारीण मिळाली. आता दोघी मिळून छळू तुला."

माझा नवरा आजारी पडला ते वर्ष मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ड्रॉइंग काढली. मांडीवर लॅपटॉप आणि कानात पंपवाली. काम संपलं तरी ती फोन ठेवायची नाही. "तू काही बोलू नकोस," म्हणायची, "मी सांगते, तू नुसती ऐक." मग तिच्या खिडकीतून काय दिसतंय ते सांगत बसायची. समोरच्या गच्चीवर एक माणूस टाकी बसवतोय, त्याच्या हातून पाना पडला, आता तो शिडी उतरतोय, तेवढ्यात खालच्या कुत्र्याने पाना पळवला. तो कुत्रा खरा होता की मला हसवायला तिने तिथे आणून सोडला होता, हे मी कधी विचारलं नाही. नवरा गेला तेव्हा मी नातेवाइकांच्या आधी तिला फोन लावला. लावला खरा, पण तोंडातून शब्द फुटेना. तिला काय ते कळलं. ती पलीकडून नुसतं "सूनबाई, सूनबाई" म्हणत राहिली, तान्ह्या मुलाला थोपटावं तसं.

तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. भांडण नव्हतं आमच्यात. पण बोलणंही नव्हतं म्हणा. "जेवलीस?" "जेवले." "दार लावलंस?" "लावलं." ज्याच्याबद्दल बोलायचं तो मधून उठून गेला होता, आणि त्याचं नाव काढलं तर दुसरीला त्रास होईल म्हणून दोघीही गप्प. दुपारचा तो फोन तेवढा चालू होता.

गेल्या वर्षी पंपवालीचा आवाज बसला. तिचा आवाज मुळातच जाडाभरडा. हसली की हसण्याचा शेवट खोकल्यात व्हायचा. त्यामुळे सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. "मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर," मी सांगितलं. तिने केल्या. रोज न चुकता मला हजेरी द्यायची, "केल्या गं बाई गुळण्या. घशाचा समुद्र झालाय आता, मासे तेवढे यायचे राहिलेत." पुढे ती मोठ्या सुट्टीवर गेली. बहिणीकडे जाऊन येते म्हणाली. परत आली ती फोनवर यायलाच तयार नाही. माझा माइक बिघडलाय, मी लिहीन, तूही लिही, एवढंच. मी तिला चिडवलं, "एवढे अवाढव्य पंप दुरुस्त करतेस आणि एक माइक दुरुस्त होईना तुला?" तिने हसरा चेहरा पाठवला. आठवडे गेले, महिने गेले, माइक बिघडलेलाच. मला वाटलं, कंटाळली असेल माझ्या रडगाण्याला. मीही मग कामापुरतंच लिहायला लागले.

आणि एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमची ती मैत्रीण नोकरी सोडतेय. तिच्या जागी तिथला एक जण तयार करताहेत, पण कुठला पंप पास करायचा आणि कुठला परत पाठवायचा हे सगळं तिच्या डोक्यात आहे. तुमचं तिच्याशी जमतं. जाऊन बसा तिच्याशेजारी आणि उतरवून आणा."

नोकरी सोडतेय हे मला साहेबांकडून कळावं? बाहेर येऊन तिला लिहिलं, "हे काय ऐकतेय मी?" उत्तर आलं, "खरं आहे. कंटाळले." पुढे काही नाही. मी येतेय म्हणून कळवलं, तर त्यावर दिवसभर काहीच आलं नाही आणि संध्याकाळी एकच शब्द आला, "बरं."

सासूबाईंनी माझी बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली. विमानात पाय हलवत राहा, औषधाची पिशवी हातात ठेव, शेजारचा माणूस झोपला असेल तर त्याला ओलांडून जाऊ नकोस, असा पाढा चालू होता. मी रुसलेलीच होते. "कशाला जायचं एवढ्या लांब?" मी म्हटलं. "तिला तर मी आलेलीही नकोय."

"अगं, माणसाचं काही असतं मागे," त्या म्हणाल्या. "तू जा. आणि तिला सांग," त्यांनी साडीची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली, "सांग की मी विचारलंय."

कारखाना शहराबाहेर होता. फाटकावर माझा फोटो काढून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवला आणि हौदाच्या विभागात नेलं. उंच छताचा हॉल, मधोमध काँक्रीटचा खोल हौद, त्यावर लोखंडी तुळया आणि तुळयांवर बसवलेला पंप. ओल्या सिमेंटचा आणि वंगणाचा वास. मी ज्या पंपांच्या रेघा इतकी वर्षं काढल्या, त्यांच्या शेजारी मी उभी राहिले तर माझं डोकं त्यांच्या कमरेला लागत होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ते एवढे मोठे असतात. म्हणजे आकडे मीच लिहिले होते, पण आकडे वेगळे आणि असं शेजारी उभं राहणं वेगळं.

पंपवाली नव्हती. तिचं टेबल खिडकीशी होतं. समोर गच्ची होती, आणि गच्चीवर खरोखरच टाकी होती.

"ती कुठेय?" मी विचारलं.

विभागाचा साहेब सज्जन माणूस होता. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. "तिने तुला काही सांगितलं नाही?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं होतं?"

"मग मी सांगणं बरोबर नाही," तो म्हणाला, आणि तिच्या घराचा पत्ता मात्र दिला.

काम संपल्यावर मी चालत गेले. एकसारख्या इमारतींची रांग, जिन्यात सायकली, दाराबाहेर ओल्या छत्र्या. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. तो जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. पंपवाली त्याला 'माझा ड्रायव्हर' म्हणायची, म्हणून मीही. धिप्पाड माणूस, पण दारात असा अंग चोरून उभा राहिला, जणू घर त्याचं नव्हतंच.

"ती घरी नाही," तो म्हणाला.

त्याच वेळी आतून खोकल्याचा आवाज आला. खोकला तरी कसला, नळ कोरडा पडल्यावर त्यातून हवा फसफसते ना, तसा. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले. आयुष्यात त्याने फार कमी थापा मारल्या असाव्यात.

"तिने सांगितलंय तसं म्हणायला," तो हळूच म्हणाला. "रागावू नकोस."

मी रागावलेच. दारातूनच आत ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "अगं, मी एवढा प्रवास करून आले! तोंड तरी दाखव! मी काय केलंय तुझं?" आतून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मी पाय आपटत जिना उतरले. हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून ठरवलं, आता कामाशी काम. शिकायचं आणि निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याच खुर्चीत बसून ड्रॉइंग पसरली होती. हौदावर पंप चालू होता, कानाचे पडदे फाटतील असा आवाज. मान वर केली तर टेबलापलीकडे एक बाई उभी. ठेंगणी, बारीक, मनगटं तर शाळकरी मुलीसारखी. गळ्याभोवती निळसर सुती रुमाल बांधलेला. इतक्या वर्षांत मी मनात उंच, थोराड बाई रंगवली होती, त्या आवाजाच्या मापाची. ही कुणी वेगळीच आहे असं वाटलं. तेवढ्यात तिचे ओठ हलले. आधी पुढे आले, मग मिटले, मग दोन्ही बाजूंना ताणले गेले. सूनबाई.

पंपाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून म्हटलं, "काय?" आणि टेबलाला वळसा घालून जवळ गेले. मागे कुणीतरी पंप बंद केला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकदम सामसूम झाली. त्या सामसुमीत ती पुन्हा म्हणाली, सूनबाई. ओठ तसेच हलले, आणि आवाज म्हणून काहीच आलं नाही. रुमालाच्या खालून बारीक फुस्स झालं फक्त.

तेव्हा मला कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं असेल, तर तिचे दोन्ही खांदे धरून, एकेक शब्द सुटा करून, जोरजोरात बोलायला लागले. "कशी! आहेस! तू!"

तिने खिशातून मोबाइल काढला, भराभरा टाइप केलं आणि माझ्या नाकासमोर धरला. "ओरडू नकोस. गळा कापलाय, कान नाही."

मी हसले आणि ते हसू कुठे वळलं मला कळलं नाही. तिथेच तिच्या खुर्चीत बसून मी रडले, सगळ्या परक्या माणसांसमोर. ती माझ्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. आजारी ती, आणि समजूत घालणारीही तीच. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी हिला गुळण्या सांगत होते. महिनोन् महिने गुळण्या सांगत होते.

मग आम्ही कामाला लागलो, कारण दुसरं काय करणार? ती हौदाशी उभी राहायची आणि मी शेजारी. तिने माझा तळहात पंपाच्या कवचावर दाबून धरला, आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि पंप सुरू करायला लावला. कवचाची थरथर हातातून कोपरापर्यंत चढली. तिने अंगठा वर केला, म्हणजे हे ठीक. मग दुसरा पंप. त्याची थरथर अडखळती होती, मधूनच ठेच लागल्यासारखी. तिने मान हलवली, हा नको. आत फिरणारं चाक आणि कवच यांच्यातली फट एकीकडे कमी पडत होती. मी टिपून घेत गेले.

एकदा मी म्हटलं, "अगं पण हात आहेत, डोळे आहेत, एवढं सगळं तुला कळतंय. नोकरी का सोडतेस?"

तिने लिहिलं. "श्वास गळ्यातून जातो, नाकातून नाही. वास येत नाही. मोटार जळायला लागली तर मला सगळ्यांच्या शेवटी कळेल. आणि हौदात माणूस उतरलेला असताना कुणी चुकून बटण दाबलं, तर थांबा म्हणून ओरडता येणार नाही." मी वाचेपर्यंत थांबली आणि खाली भर घातली, "कुणी काढलं नाही मला. मीच म्हटलं."

ती कुणासमोर जेवायची नाही. गिळायला वेळ लागायचा. पहिले काही दिवस जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत जाऊन बसायची. एक दिवस मी माझा डबा घेऊन सरळ तिथे गेले आणि उलट्या बादलीवर बसले. ती सूप पीत होती, चमचा चमचा, मान जरा खाली घालून. ते गरम होतं. मी सवयीने म्हटलं, "फुंकर मार ना." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला जीभ चावावीशी वाटली. फुंकर मारायला तोंडात वारा यावा लागतो. तिने खांदे उडवले, वाटी माझ्यापुढे सरकवली. मग मी फुंकर मारली.

त्याच खोलीत आमचं भांडण झालं. कसं सुरू झालं आठवत नाही, पण मनात साचलेलं सगळं बाहेर आलं. "माझ्या घरातलं असं काय आहे जे तुला ठाऊक नाही?" मी म्हटलं. "नवऱ्याच्या तपासण्या माझ्या आईच्या आधी तुला कळायच्या. आणि तू? बहिणीकडे गेले म्हणालीस! माइक बिघडला म्हणालीस! मी काय परकी होते? एक ओळ लिहिता आली नाही?" मी बोलतच सुटले. ती टाइप करायची, तिचं अर्धं लिहून होईपर्यंत माझं पुढचं सुरू. शेवटी तिने चमचा पत्र्याच्या कपाटावर असा आपटला की मी दचकून गप्प झाले. मग तिने सावकाश लिहिलं. बराच वेळ लिहीत होती.

"तुझ्यावर वेळ आली तेव्हा तुला बोलायला हवं होतं, म्हणून मी ऐकलं. माझ्यावर आली तेव्हा मला बोलायचं नव्हतं. तेवढं तरी माझं मला ठरवू दे. आणि तू मला कधी पाहिलंही नव्हतंस. तुझ्याकडे माझा आवाज तेवढा होता. तो गेलाय असं सांगितलं असतं, तर तुझ्याजवळ माझं राहिलं काय असतं?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिची वाटी घेऊन धुऊन आणली.

निघायच्या दिवशी संध्याकाळी तिने घरी बोलावलं. या वेळी दार तिनेच उघडलं. ड्रायव्हरने तिला चहा ओतून दिला आणि तो निवेपर्यंत दोघं नुसती बसून राहिली. ते काम त्यांना अंगवळणी पडलेलं दिसत होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई. "पोचलीस का तिच्याकडे? दे बघू तिला फोन."

"आई, ती... तिचा घसा बसलाय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

"मग ऐकू दे. मला थोडीच तिची भाषा येते? दे."

मी पंपवालीला खुणेने विचारलं. तिने हात पुढे केला. फोन कानाला लावून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. सासूबाईंचा आवाज मला नुसता गुणगुणल्यासारखा ऐकू येत होता, शब्द लागत नव्हते. बराच वेळ बोलत होत्या त्या. मधेच थांबल्या की पंपवाली नखाने फोनवर टक करून वाजवायची, म्हणजे ऐकतेय. एक अक्षर कळत नसताना तिने ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. फोन परत दिला तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि ती हसतही होती. तिचं हसणं आता खांद्यांत उरलं होतं.

मी फोन कानाला लावला. सासूबाई म्हणाल्या, "गोड बाई आहे गं. तिला म्हणावं, गुळण्या कर."

निघताना पंपवालीने मला मिठी मारली, पाठीवर दोन धपाटे घातले आणि दारातच थांबली. विमानतळावर मला ड्रायव्हर सोडायला आला. छोट्या गाडीतही तो बस चालवावी तशी चालवत होता, वळणावर दोन्ही हात फिरवून. शहर मागे पडल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

"तुला एक सांगायचंय," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "गळ्यातलं ते पुन्हा आलंय. या वेळी छातीत. डॉक्टर आता काही करणार नाहीत."

मी म्हटलं, "गाडी वळवा."

"नाही."

"अहो, वळवा म्हणते ना!"

"वळवली, तर तिला कळेल मी सांगितलं," तो म्हणाला. "तिने तुला हसून पाठवलंय. त्यासाठी आज दुपारभर झोपून घेतलं तिने, ताकद राहावी म्हणून. ते मोडू नकोस." मग म्हणाला, "मी सांगणारही नव्हतो. पण घरात मी एकटाच आहे गं. कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं."

त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातावर मी हात ठेवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याने गाडी वळवली नाही.

परत आल्यावर आमचा फोन पुन्हा सुरू झाला. मीच म्हटलं, तू टकटक कर. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि भराभरा वाजलं की हसतेय. मी हौदाच्या चाचण्यांचं जे लिहून आणलं होतं ते तिला वाचून दाखवायची आणि ती तपासायची. दोनदा वाजलं की मी खोडायची. काम संपलं तरी मी फोन ठेवायची नाही. आमच्या खिडकीतून काय दिसतंय ते सांगायची. समोरची बाई गादी वाळत घालतेय, गादी कठड्यावरून घसरतेय, आता खालच्या भाजीवाल्याच्या डोक्यावर पडणार. पलीकडून भराभरा वाजायचं. आजाराबद्दल मी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. मला ठाऊक आहे हे तिला कळलं होतं का? कळलं असावं. माझ्या खिडकीत फारच गमती घडायला लागल्या होत्या.

पुढे पुढे टकटक उशिरा यायला लागली. एका दुपारी मी बोलत असताना जे वाजलं ते नखाचं नव्हतं. बोटाच्या पेराचं होतं, जड.

"कोण?" मी विचारलं.

"मीच," ड्रायव्हर म्हणाला. "झोपलीय ती. फोन तिच्या उशीशी ठेवलाय. तू थांबलीस की ती अस्वस्थ होते, म्हणून मी वाजवलं. तू बोल."

मी बोलले. नंतर रोजच बोलले, पलीकडून काही वाजलं नाही तरी. त्या आठवड्यात ती गेली.

ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मी तिथेच ओट्याशी उभी राहून त्यांना सगळं सांगितलं, गळ्याचं, आवाजाचं, गाडीत कळलेल्या गोष्टीचं. इतके दिवस त्यांना घसा बसलाय एवढंच ठाऊक होतं. त्या चौरंगावर बसल्या. हातातली परडी मांडीवर तशीच राहिली.

"म्हणजे त्या दिवशी मी बोलत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिला आवाजच नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी गुळण्या सांगितल्या."

"मीही सांगितल्या होत्या, आई."

कढईतलं करपायला लागलं होतं.

"काय बोलत होतात तुम्ही तिच्याशी एवढं?" मी विचारलं.

"तुझंच," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझी सून घरात हसत नाही. तुझ्याशी बोलते तेव्हा हसते, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तू नोकरी सोड नाहीतर काही कर, पण बाई, फोन तेवढा करत जा." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि त्याचंही बोलले."

कुणाचं, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात 'तो' एकच होता.

"तिला काही कळणार नव्हतं, म्हणून तर बोलता आलं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर कसं काढायचं?"

मी गॅस बंद केला. त्यांच्या मांडीवरची परडी घेऊन बाजूला ठेवली आणि समोर खाली बसले.

"काय बोललात त्याचं?" मी म्हटलं. "मला सांगा."

त्या मग घसा खाकरून सांगायला लागल्या.